काकाजींची दुसरी टाकी

आमच्या काकाजींच्या दारात कोणीही चारचाकीतून उतरलं, की त्याला पाणी विचारायच्या आधी ते विचारत, "टाकी किती लिटरची?" पाहुणा अडखळला, की संपलं. मग त्याची नोकरी, शिक्षण, स्वभाव, कशातच त्यांना रस उरत नसे. मला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी हेच विचारलं. त्यानं प्रामाणिकपणे "माहीत नाही" म्हटलं. मंडळी गेल्यावर काकाजी माझ्या वडिलांना म्हणाले, "ज्याले आपल्या गाडीची टाकी माहीत नाही, तो पोरीले काय सांभाळन?" त्याच मुलाशी माझं लग्न झालं. टाकी त्याला अजूनही माहीत नाही आणि आमचं बरं चाललंय.

काकाजी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण नागपुरात, आमच्या मानेवाड्यात, त्यांची ओळख 'फुल टाकी' अशीच होती. त्यांच्याकडे एक छोटी विलायती गाडी होती, सिव्हिल लाइन्समधल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. पिवळट रंगाची आणि इतकी बुटकी, की काकाजी तिच्यात बसत नसत, ती अंगात घालत. तिची टाकी डिक्कीत डाव्या अंगाला, पंचवीस लिटरची.

जुन्या छोट्या गाड्यांच्या टाक्यांवर काकाजी तासभर बोलू शकत, आणि बोलतच. कोणत्या गाडीचं इंजिन मागे आणि टाकी पुढे, कोणत्या गाडीला पेट्रोलचा काटाच नाही, गाडी आचके द्यायला लागली की पायाशी असलेली खुंटी फिरवायची म्हणजे राखीव पेट्रोल सुरू होतं, हे सगळं ते लग्नाच्या पंगतीत सांगत, दवाखान्याच्या बाकावर सांगत, एकदा तर तेराव्याच्या जेवणात सांगितलं. त्यांच्याच गाडीच्या जातीत एक शर्यतीचा प्रकार निघाला होता. त्याला मागणी केली तर डिक्कीत उजवीकडे दुसरी टाकी बसवून मिळे. त्या दुसऱ्या टाकीचं नाव घेताना, इतर लोकांचा आवाज बद्रीनाथाचं नाव घेताना होतो, तसा काकाजींचा होई.

काकूचं मागणं साधं होतं. तिला पचमढी पाहायची होती. लग्न झालं तेव्हापासून दर उन्हाळ्यात, कूलरला नवा वाळा लावून झाला, की ती विषय काढायची. काकाजी पेन्सिल कानावर ठेवून हिशोब करत आणि म्हणत, "जाणं होईन. येणं नाही होत. टाकी लहान पडते."

"काहून जी, रस्त्यात पंप नाहीत का?"

"अनोळखी पंपाचं पेट्रोल मी गाडीत टाकत नाही. इंजिन आहे ते, धर्मशाळा नाही."

असे कितीतरी उन्हाळे गेले. या काळात काकाजींची सर्वांत लांबची मोहीम म्हणजे रामटेक. तिथेही ते गाडी गडाखाली उभी करत आणि उन्हात पायऱ्या चढत, कारण चढ इंजिनाला सोसत नाही म्हणे. काकूच्या गुडघ्यांना सोसतो का, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी अखेर दुसरी टाकी बसवलीच. अस्सल काही मिळाली नाही, म्हणून एका गॅरेजातून हुबेहूब करवून घेतली. त्या दिवशी घरात पेढे आले. डिक्कीत आता दोन टाक्या मावल्या आणि दुसरं काहीही मावेना. स्टेपनी मागच्या सीटवर आली. काकूनं विचारलं, "अन् माझी बॅग?" काकाजी म्हणाले, "मांडीवर घे वं. दोन टाक्या असलेल्या गाडीत बसून राहिली तू."

तरीही निघायला दोन वर्षं लागली. एकदा ऊन फार होतं, एकदा पाऊस लवकर आला, एकदा रबराच्या नळीवर त्यांचा भरवसा बसेना. शेवटी हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही निघालो. मी माहेरपणाला आले होते, म्हणून मला स्टेपनीच्या शेजारी जागा मिळाली. काकू पुढे, मांडीवर बॅग. दोन्ही टाक्या काठोकाठ. मागून जड झालेली ती गाडी प्रत्येक गतिरोधकावर पोट घासत होती, आणि घासली की काकाजी डोळे मिटून घेत.

सावनेरला आम्ही तर्री-पोह्यांसाठी थांबलो. काकाजींनी हॉटेलवाल्याला विचारलं, "पुढं पचमढीचा घाट कसा आहे गा?"

"घाट तं हाय साहेब. वळणं लय हायेत. पण जातेत सारे."

काकाजींनी अर्धी प्लेट तशीच ठेवली. गाडीखाली वाकले, डिक्की उघडली, हुंगलं आणि जाहीर केलं, "वास येऊन राहिला. नळी सैल झाली. वापस जा लागते."

मला काही वास आला नाही. काकूनंही हुंगलं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, बॅग उचलली आणि समोर बसस्टँडवर गेली. पचमढीच्या वाटेवरच्या छिंदवाड्याची बस उभीच होती. ती शांतपणे चढली आणि खिडकीशी बसली. काकाजी धावत गेले. साऱ्या स्टँडसमोर ओरडले, "अवं, टाक्या फुल आहेत!"

"असू द्या जी," काकू खिडकीतून म्हणाली. "मी जाऊन येते."

बस गेली. काकाजी दोन फुल टाक्या घेऊन नागपूरला परतले. सगळ्या वाटेत नळी बघायला एकदाही थांबले नाहीत. वासाचं नावही काढलं नाही.

काकू आठवड्यानं आली. चेहरा रापलेला, पायात नवे कापडी बूट. आम्ही सगळे तिच्याभोवती. काकाजी पेपरामागून म्हणाले, "बसची टाकी किती लिटरची होती?"

काकूनं ड्रायव्हरला विचारून ठेवलं होतं. तिनं आकडा सांगितला. काकाजींनी मान डोलावली आणि तिच्यासाठी चहा टाकायला स्वतः उठले. ते चहा करू शकतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर काकू थांबली नाही. मैत्रिणी जमवून ती चिखलदऱ्याला गेली, ओंकारेश्वरला गेली, पुरीला जाऊन समुद्रात उभी राहून आली. काकाजी घरी डबा खात आणि दर रविवारी गाडी धूत. मधुमेहानं त्यांची नजर मंदावली, मग गाडी फक्त धुण्यापुरतीच उरली.

या उन्हाळ्यात ते दवाखान्यात होते तेव्हा दुपारी मी जवळ बसले होते. काकू घरी आंघोळीला गेली होती. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"मले घाटाचं भेव वाटे वं," ते म्हणाले. "पयलेपासून. गाडीचं काही नव्हतं." आणि मग, "तिले सांगशीन."

"तुम्हीच सांगा ना."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी ते गेले.

पाहुणे पांगल्यावर मी काकूला सांगितलं. ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षीच कळलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"अगं, एवढा टाक्यांचा पसारा मांडत ते. एकदा नुसतं म्हणाले असते, तर मी काय हसले असते? हात धरून बसमध्ये बसवलं असतं." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "वाट पाहिली मी. मग बसमध्ये जाऊन बसले."

तिनं ताट खाली ठेवलं.

"खरंच म्हणाले ते?"

"हो."

"काय म्हणाले, नीट सांग. त्यांच्याच शब्दात सांग."

मी सांगितलं. तिनं मला ते आणखी एकदा सांगायला लावलं.