लाल मागणारी

पडदे शिवणं हे तिचं पोटाचं काम आणि शर्यतीच्या ट्रॅकवर उभं राहणं हे हौसेचं. बाजारामागच्या गल्लीत, एक चाव्या बनवणारा आणि एक दातांचे डॉक्टर यांच्या मधोमध तिचं दुकान आहे. आत शिरलं की कोऱ्या कापडाचा वास येतो आणि मशीनच्या मागे, मान खाली घालून, ती बसलेली असते. वर्षातून थोडेच दिवस शहराबाहेरच्या ट्रॅकवर मोठ्या शर्यती होतात. त्या दिवशी मात्र दुकानाला कुलूप. गिऱ्हाइकाच्या नव्या घराच्या खिडक्या उघड्या राहोत नाहीतर नवरा-नवरीची खोली बिनपडद्याची राहो, ती कोणाचं ऐकत नाही.

ट्रॅकवर तिला सगळे घारताई म्हणतात. डोळे घारे नाहीत, साधे काळेच आहेत, पण त्यांची झेप घारीची आहे. गाडी लांबच्या वळणावर असतानाच हिला दिसतं की तिचं मागचं चाक नीट धरत नाहीये.

तिथं मिळतं काय? एक केशरी कोट, दुपारचा डबा आणि घरी आल्यावरही कानात उरलेली घरघर. तिला तिथं आणलं नवऱ्यानं. तो एरवी बंद पडलेले ट्रक ओढून आणणाऱ्या गॅरेजात क्रेन चालवतो आणि शर्यतीच्या दिवशी ट्रॅकवर. लग्नानंतर तो तिला म्हणाला होता, "एकदा येऊन बघ. नाही आवडलं तर पुन्हा कटकट करणार नाही." तिला आवडलं. कटकट मात्र थांबली नाही.

ट्रॅकच्या कडेनं ठरावीक अंतरावर चौक्या असतात. चौकी म्हणजे लोखंडी जाळीमागची उभं राहायची जागा, वर पत्रा, आत निशाणं आणि वॉकीटॉकी. घारताईच्या चौकीवर निशाणं असत निवृत्त गणिताच्या मास्तरांच्या हातात आणि वॉकीटॉकी हिच्याकडे. गाडी घसरली, ट्रॅकवर काही पडलं, की मास्तर लगेच पिवळं निशाण हलवायचे. पिवळं म्हणजे हळू जा, कोणाच्या पुढे काढू नका. ते चौकीच्या हातातलं. लाल मात्र चौकीचं नाही. लाल म्हणजे सगळी शर्यतच थांबली, आणि ती थांबवायचा अधिकार एकाच माणसाचा. ट्रॅकच्या मध्यावरच्या इमारतीत, कंट्रोल म्हणतात त्या खोलीत, भिंतभर पडद्यांसमोर शर्यतीचे संचालक बसलेले असतात. ते बोलले की सगळ्या चौक्यांवर एका वेळी लाल फडकतं, ट्रॅकभर लाल दिवे लागतात. तोवर चौकीवरचं लाल निशाण गुंडाळून, नाडी बांधून, कोपऱ्यात उभं. कोणाचा जीव कितीही खालीवर होवो, त्या नाडीला हात लावायचा नाही.

चौकी लाल मागू शकते. तेवढीच तिची मुभा. त्या मागण्यालाही रीत आहे. आधी सांगायचं कुठून बोलतोय, मग डोळ्यांना काय दिसतंय, आणि शेवटी काय हवंय. 'मला वाटतं' हे शब्द वॉकीटॉकीवर चालत नाहीत. नवीन आलेल्यांना घारताईच हे शिकवायची. "तुमच्या पोटात गोळा आला हे कंट्रोलला कळवू नका," ती म्हणायची, "गोळा कशानं आला ते कळवा."

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. शर्यत अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पाऊस सुरू झाला, आधी बारीक, मग धरून. काही चालकांनी लगेच गाड्या आत नेऊन पावसाचे टायर चढवून घेतले. बदलायला थांबलं की मागे पडावं लागतं, तसे ते पडले. बाकीचे, यात सगळ्यांत पुढे असलेलाही आला, जुन्याच टायरांवर तग धरून होते.

घारताईच्या वळणावर एक गाडी घसरली आणि ट्रॅकबाहेरच्या खडीत जाऊन रुतली. चालक आपला आपण उतरला, चिखलानं माखलेले बूट आपटत कठड्यामागे गेला. मास्तर पिवळं हलवतच होते. कंट्रोलनं क्रेन सोडली. खडीत ती आली, तेव्हा तिच्या काचेमागचा माणूस कोण हे ओळखायला घारीचे डोळे नको होते.

"जावईबापू आले," मास्तर निशाण न थांबवता म्हणाले. ते घारताईला लेक मानत, म्हणून तिच्या नवऱ्याला जावई म्हणत.

"येऊ द्या. सकाळी न्याहारी टाकून गेलेत. चांगली भूक लागू दे."

नवरा खाली उतरला. रुतलेल्या गाडीला उचलायचा पट्टा अडकवायला तो वाकला, तसा पाऊस वाढला. वळणाच्या वरच्या अंगाला पाण्याचा एक पदर सुटला आणि ट्रॅक ओलांडून खाली वाहू लागला. एक गाडी त्या पाण्यावरून गेली. तिची शेपूट हलली, सावरली. नवऱ्याची पाठ ट्रॅककडे होती.

घारताईनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"लाल द्या!"

पलीकडून कंट्रोलचा शांत आवाज, "कोण बोलतंय?"

तिनं चौकी सांगितली.

"काय दिसतंय?"

"पाणी. ट्रॅकवर आडवं पाणी वाहतंय. क्रेन खडीत आहे, माणूस खाली आहे. आत्ता एक गाडी हलली इथं."

"थांबा."

ते थांबणं फार मोठं नव्हतं. तेवढ्यात आणखी एक गाडी आली आणि सरळ गेली. तिच्यामागची जरा तिरकी होऊन गेली. मास्तरांनी कोपऱ्यातल्या निशाणाकडे पाहिलं, मग घारताईकडे, आणि नजर पुन्हा ट्रॅकवर लावली. मग आवाज आला, "लाल, लाल, लाल." मास्तरांनी नाडी सोडली.

लाल पडल्यावर ट्रॅकवर जी शांतता येते, ती घारताईला कधीच अंगवळणी पडली नाही. गाड्या वेग सोडतात, कोणी कोणाला मागे टाकत नाही, एकामागे एक पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या गाळ्यांसमोरच्या गल्लीत, जाऊन रांगेत उभ्या राहतात. आधीच्या नोंदीत कोण कुठं होतं ते पाहून रांग लावतात. इंजिनं बंद होतात. चालक छत्रीखाली बसून पाणी पितात. आणि त्या थांब्यात टायर बदलायला मोकळीक असते, कोणी मागे पडत नाही. सगळा घोळ तिथंच झाला. जो आधीच आत जाऊन, मागे पडून पावसाचे टायर लावून आला होता, त्याची ती सगळी धावपळ पाण्यात गेली. जो जुन्या टायरांवर पुढे राहिला होता, त्याला ते फुकटात मिळाले, आणि त्याची पुढची जागाही शाबूत राहिली. पाऊस ओसरल्यावर शर्यत पुन्हा सुरू झाली. तोच जिंकला.

हरलेल्याच्या संघानं तक्रार केली. त्यांचं म्हणणं, सेफ्टी कार पुढे धरून सगळ्यांना हळू फिरवलं असतं तरी भागलं असतं. मग लाल कोणी मागितलं, आणि का?

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या लांबट खोलीत सगळ्या चौक्यांची बैठक बसली. प्रत्येक शर्यतीनंतर बसतेच. वॉकीटॉकीवरचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं आणि तिथं ते ऐकवतात. घारताईचा आवाज खोलीत घुमला. लाल द्या. आधी चौकी नाही, काय दिसलं ते नाही, थेट मागणी. मागच्या रांगेत तिनंच शिकवलेली दोन पोरं होती. ती खाली बघू लागली.

संचालक रागावले नाहीत. "लाल मी दिलं," ते म्हणाले, "पडद्यावर पाणी मलाही दिसत होतं. माझा निर्णय मी बदलणार नाही, तसं त्या संघालाही कळवलंय. पण एक विचारतो, ताई. क्रेनवर कोण होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं, साहेब. नवरा होता."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"दुसरा कोणी असता, तर तेव्हाच मागितलं असतंत?"

घारताईला हो म्हणता आलं असतं. खोलीतल्या सगळ्यांनी ते मानलंही असतं. मास्तर तर मान हलवायच्या तयारीतच बसले होते.

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. मग म्हणाले, एका घरातली दोन माणसं एका वळणावर ठेवायची नाहीत अशी रीत जुनीच आहे, माणसं कमी म्हणून आपण तिकडे काणाडोळा केला, तो आपला दोष. पुढच्या वेळी ताईंची चौकी बदलेल. आणि ते पुढच्या विषयाकडे वळले.

घरी नवरा वेगळ्याच कारणानं धुमसत होता.

"पट्टा अडकवून झाला होता माझा. नुसतं उचलायचं राहिलं होतं. लाल पडलं आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, की मीच रुतलोय."

"तुमच्या मागून गाडी तिरकी गेली, ठाऊक आहे?"

"माझी पाठ होती गं तिकडे. मला काय दिसणार?"

"म्हणून म्हणते."

"अगं, पण मी होतो म्हणून मागितलंस की खरंच मागायचं होतं?"

तिलाही स्वतःला तेच विचारायचं होतं. गल्लीतले लोक, माहेरचे, चावीवाला, सगळे तिला शाबासकी देत होते. नवऱ्याला वाचवलंस म्हणाले. ती शाबासकी तिला टोचायची. इतकी वर्षं ती स्वतःच्या डोळ्यांवर उभी होती. ते डोळे ट्रॅक बघतात की आपलं माणूस, एवढं तिला कळायला हवं होतं, आणि शिवत बसून ते कळण्यासारखं नव्हतं. मशीनवर बसल्या बसल्या ती तो क्षण उसवायची आणि पुन्हा शिवायची. कधी पाणी आधी दिसायचं, कधी नवऱ्याची वाकलेली पाठ.

पुढची शर्यत आली. नवरा आपल्या जुन्या वळणावर, ही ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला, उतारावरच्या चौकीत. इथं निशाणं एका बँकेतल्या कारकुनाकडे होती. तो मास्तरांसारखा बोलका नव्हता. दिवसभर त्यानं फक्त "डबा बरा आहे" एवढंच सांगितलं.

शर्यत संपत आली असताना भुरभुर सुरू झाली आणि उताराच्या तळाशी एक गाडी कठड्याला घासून खडीत थांबली. क्रेन आली. तिच्यावर एक जाडजूड मिशीवाला होता. घारताईनं त्याला यापूर्वी चहाच्या टपरीवर एकदाच पाहिलं होतं, तेव्हा तो सुट्ट्यांवरून भांडत होता. माणूस म्हणून तो तिला काही आवडला नव्हता.

मिशीवाला उतरला, पट्टा घेऊन वाकला. उतारावर पाण्याचे तुषार उडत होते. पुढच्या गाडीच्या तुषारात मागची गाडी दिसेनाशी होत होती आणि खाली पोचल्यावरच पुन्हा उगवत होती. एक उगवली. दुसरी उगवली. घारताईचा अंगठा बटणावर होता. तो तिथं कधी गेला हे तिला कळलंही नव्हतं.

या वेळी तिनं रीत सोडली नाही. चौकी सांगितली. "उतारावर तुषारांमुळे मागची गाडी दिसत नाही. क्रेन खडीत, माणूस खाली. लाल मागतेय."

पलीकडे साहेबांचाच आवाज. "बघतोय." मग थोड्या वेळानं, "नाही. पिवळं चालू ठेवा. सेफ्टी कार सोडतोय."

"समजलं."

सेफ्टी कार निघाली. तिच्यामागे गाड्या मुंग्यांसारख्या गोळा होऊन हळू फिरू लागल्या. मिशीवाल्यानं गाडी उचलली, क्रेन कठड्याच्या मागे नेली. त्याच्यासाठी कोणी लाल मागितलं होतं हे त्याला ठाऊकही नव्हतं. जाता जाता तो कोणावर तरी ओरडतच होता. दोन फेऱ्यांनी सेफ्टी कार बाजूला झाली, शर्यतीनं पुन्हा वेग घेतला आणि ठरल्या वेळी संपली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका मोठ्या दालनाचे पडदे अंथरलेले होते. घारताई जमिनीवर बसून काठ दुमडत होती, तोंडात टाचण्या धरून. नवरा दारात चपला काढता काढता म्हणाला,

"काल तू लाल मागितलंस म्हणे. त्या भांडकुदळ मिशीवाल्यासाठी?"

तिनं मान हलवली.

"आणि साहेब नाही म्हणाले."

पुन्हा मान.

"म्हणजे सगळ्यांच्या कानावर तू मागितलंस, आणि मिळालं नाही. भरल्या ट्रॅकवर नाक कापून घेतलंस की!" तो जवळ येऊन तिच्याकडे निरखून बघू लागला. "मग चेहरा एवढा खुललाय कशानं?"

घारताईच्या तोंडात टाचण्या होत्या. बोलण्यासाठी तिनं त्या काढल्या नाहीत, एकेक करून पडद्याच्या काठाला लावत राहिली. पाठ कोणाची का असेना, अंगठा आपोआप बटणावर गेला होता; आता त्या क्षणात उसवण्यासारखं काही उरलं नव्हतं.