दर्यावरच्यांचा वाटा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, तेव्हा चुका दिसतील त्यांची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, मग मासे सुकवायला आईला हात हवा होता. ही वही मी कुणाला दाखवत नाही. पण लेकीच्या हाती कधीतरी पडेलच, आणि आम्ही हॉटेलात गेलो त्या दिवशी तिला जे सांगता आलं नाही ते तिने वाचावं असं वाटतं.

आम्ही तारापूरजवळच्या कोळीवाड्यातले. बोईसरच्या बाजारात माझी जाऊ मासे विकते आणि मी तिच्या मागे पाटावर बसून कापून देते. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम तिचं. माझ्या तोंडातून आवाज निघत नाही म्हणून ती मला ‘मुकी बोंबील’ म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही. कोयता चालतो तोवर बोलायची गरज पडत नाही.

लेक औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली आणि मे महिन्यात म्हणाली, "आई, रविवारी तुला सुशी खायला नेते. हवं तितकं खायचं, पैसे एकदाच." बुलेट ट्रेनच्या कामावर जपानी साहेब यायला लागल्यापासून बोईसरच्या एका हॉटेलात रविवारी हे जेवण असतं.

जावेने ऐकलं आणि हातातलं पापलेट तसंच धरून म्हणाली, "कच्चं मासं? अगो, तू काय मांजर हायस? पैसं देऊन कच्चं खायाचं, तर माझ्या टोपलीतलंच खा, फुकट देते!"

तरी मी गेले. दारातच थंड हवा अंगावर आली आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे वास. एवढे मासे मांडलेले, आणि वास नाही. मासा ताजा असला, कापायची फळी दर वेळी धुतली, तर वास येत नाही हे मला ठाऊक आहे. पण दुपारपर्यंत तसं राखणं आम्हाला कधी जमलेलं नाही.

लेकीने मला आचाऱ्याच्या समोरच बसवलं. तिशीचा असेल, बारीक अंगाचा, हिंदी बोलणारा. मी जेवणापेक्षा त्याचे हात बघत होते. तीस वर्षं मासे कापते, पण असं कापणं पाहिलं नव्हतं. सुरी पुढे-मागे घासायची नाही. एकदा टेकवली की स्वतःकडे ओढून घ्यायची, की तुकडा सुटा. दर तुकड्यानंतर ओल्या फडक्याने पातं पुसायचं. डाव्या हातात भाताचा मुटका वळायचा, तो दर वेळी तेवढाच. चार शितं जास्त झाली तर परत काढायचा. वर तो मासा असा ठेवायचा, जणू झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतोय.

काड्यांनी मला काही उचलेना. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, हाथ से खाओ. जापानी लोग भी हाथ से खाते हैं." मग मी खाल्लं. नारिंगी मासा लोण्यासारखा विरघळला. कुप्याचा, म्हणजे लेक ज्याला ट्यूना म्हणते त्याचा, तुकडा लालभडक, त्याला रक्ताचा वास नव्हता. भाताला किंचित आंबट-गोड चव. कच्चं खातोय असं एकदाही मनात आलं नाही. मी मान हलवून लेकीला ‘छान’ म्हटलं. ती इतकी खूश झाली की आणखी प्लेटी मागवत राहिली.

बसताना तिने मला सांगितलं होतं, "आई, ताटात टाकायचं नाही हं. उरलं तर दर तुकड्याचे साठ रुपये लावतात." मी हो म्हटलं होतं. आम्ही अन्न टाकणारी माणसं नव्हेच.

पण आमच्या घरी एक रीत आहे. होडी दर्यावर असली की घरात जे शिजेल त्यातलं थोडं, पहिल्या घासाआधी, बाजूला काढायचं. होडीवर जो आहे त्याचा वाटा. सासूबाईंनी घालून दिलेलं, मी आजवर चुकवलेलं नाही. त्या दिवशी लेकीचे बाबा चार दिवस होडीवर होते. मी प्रत्येक प्लेटीतला एक तुकडा वाटीत ठेवत गेले आणि वर कागदी रुमाल झाकला. ते उरलेलं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाटा म्हणजे उष्टं नव्हे.

उठताना वाढणाऱ्या मुलीने रुमाल उचलला. आठ तुकडे. चारशे ऐंशी रुपये.

लेकीचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "आई, खाऊन टाक ना गं. आठच आहेत." मॅनेजरही म्हणाला, आत्ता खाल्ले तर पैसे नाहीत. पोटात जागा होती. पण होडी बाहेर असताना होडीवाल्याचा वाटा मी कसा खाऊ? आणि हे एवढ्या माणसांसमोर सांगू कसं? मी नुसती नाही म्हणून मान हलवली. लेकीने फोन पाहिला. दोघींचे पैसे दिल्यावर पगारापर्यंत तिच्याकडे दीडशे उरले होते. माझ्या पिशवीत रिक्षापुरते. शेजारच्या टेबलावर तिच्याच कारखान्यातली माणसं बसली होती, ती वळून बघायला लागली.

शेवटी लेकीलाच उमगलं. "बाबांसाठी काढलंस?" मी हो म्हटलं. आचाऱ्याने विचारलं, तिने त्याला हिंदीत सांगितलं. त्याने सुरी पुसून खाली ठेवली आणि मॅनेजरला म्हणाला, "मेरे नाम पे लिखो." आठही तुकडे डब्यात बर्फावर ठेवून माझ्या हातात दिले. "पैसा बाद में, दीदी."

घरी आल्या आल्या मी ते तुकडे भातासकट रव्यात घोळवून तळले आणि फ्रिजमध्ये ठेवले. दोन दिवसांनी होडी आली. लेकीचे बाबा खात म्हणाले, "भजी बरी हायत. आत भात कुणी कोंबला?"

लेक म्हणाली, फोनवरून पैसे पाठवते. मी नको म्हटलं. चूक माझी, तर पैसेही माझ्या हाताने जायला हवेत. पण त्या काचेच्या दारातून एकटीने जायचं कसं? पुढच्या रविवारी वॉचमनपर्यंत गेले आणि परतले. रिक्षाचे पैसे तेवढे गेले. जाऊ म्हणाली, "मी येते, एका हाकेत बाहेर काढते त्याला." तिला नेलं नाही.

मग जूनची मासेमारीची बंदी लागली. होड्या किनाऱ्यावर, कापायला मासे नाहीत. सुक्या बोंबलांतून दोनशे जमले, ते घेऊन गेले. आत शिरले, आचाऱ्यापुढे काउंटरवर नोटा ठेवल्या, "बाकी बाद में" एवढंच बोलले आणि निघाले.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, हातात काम आलं. उरलेले दोनशे ऐंशी घेऊन पुन्हा गेले. दुपारची वेळ, हॉटेल रिकामं. आचाऱ्यासमोर नुकतीच आलेली सुरमई होती. त्याने विचारलं, "दीदी, देखो ना, ताज़ी है?" मी कल्ला उचलला, पोटावर बोट दाबलं. खड्डा भरून आला नाही. "चार दिन बरफ में है," मी म्हटलं. "कच्चा मत देना. तलने को चलेगा."

त्याने वाद घातला नाही. सुरमई उचलून बाजूच्या ट्रेमध्ये टाकली. मी ओले हात पदराला पुसले, नोटा काढल्या आणि त्याच्यासमोर एकेक करून मोजल्या. दोनशे ऐंशी. त्याने पुन्हा मोजल्या नाहीत.