पिक्चरमधलं चर्चचं लग्न

पप्पा आयुष्यात एकदाच थेटरात गेले, तेही मंडळीच्या कामासाठी. मंडळी म्हणजे आमच्या दौंडच्या चर्चची माणसं. पप्पा रेल्वेत गार्ड होते आणि चर्चच्या कमिटीत पंच. त्या वर्षी गावात एक हिंदी पिक्चर लागला होता, गाण्यांचा, हसवाहसवीचा, आणि त्यात शेवटी चर्चमधलं लग्न होतं. तरुण संघातली पोरं दोन-दोनदा बघून आली होती आणि 'आपलं लग्न दाखवलंय' म्हणून फुगली होती. त्यांचंही चुकत नव्हतं. एरवी पिक्चरमध्ये ख्रिस्ती माणूस म्हणजे दारू पिऊन पडलेला, आणि बाई म्हणजे गुंडाच्या अड्ड्यावर नाचणारी.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रींनी, स्वतः थेटरात जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी पप्पांना पाठवलं. बघा आणि सांगा, आपल्या मुलांनी बघावा की नाही. पप्पांनी ताईला आणि मला बरोबर घेतलं. ताईचं लग्न ठरलं होतं, शिरूरला. चांगलं काय, वाईट काय, हे तिला आता कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. उपासनेला घालायचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते थेटरात बसले आणि पडद्याकडे असे बघू लागले, की पडद्यानंच लाजावं.

गोष्ट नेहमीचीच. नायिकेचं लग्न पैसेवाल्याशी ठरलेलं, आणि बेकार नायक आचारी बनून तिच्या घरात शिरलेला. शेवटी चर्च. वेदीपुढे एक शिंकणारा, विग घातलेला पाद्री विचारतो, या लग्नाला कोणाची हरकत आहे का? आणि नायक खिडकीतून गाणं म्हणत आत येतो. नायिका हातातली फुलं नवरदेवाच्या अंगावर फेकून पळते. थेटरात शिट्ट्याच शिट्ट्या. पप्पांच्या तोंडून फक्त 'च्' एवढंच निघालं. ताई मात्र हसली. ती मोठ्यानं हसणारी नव्हती, म्हणून मी वळून पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसत होती, आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं.

रविवारी उपासनेनंतर पप्पा तरुण संघापुढे बोलले. मला कपड्यांविषयी काही म्हणायचं नाही, असं म्हणून आधी बराच वेळ कपड्यांविषयीच बोलले. पोरं जांभया द्यायला लागली. मग त्यांनी विचारलं, "ज्याला वेदीपुढे टाकून ती पळाली, त्याचं पुढे काय झालं? तुम्ही सगळे त्याला हसलात. तोही कोणाचा तरी मुलगा होता. देवापुढे दिलेला शब्द गाणं म्हणून मोडत नसतो." पप्पांना पिक्चरातलं काही कळत नाही, असं म्हणायची सोय नव्हती. त्यांचं बोलणं मला आजही पटतं, आणि पटतं म्हणूनच जास्त चीड येते.

शिरूरचा मुलगा रांजणगावच्या कंपनीत परमनंट होता. पीत नव्हता, ओढत नव्हता, रविवार चुकवत नव्हता. त्याच्यात खोट काढायला जागाच नव्हती. पण ताईचा जीव दुसरीकडे होता. आमच्या चर्चमध्ये नाताळाला आणि लग्नांना माइक लावायला एकजण यायचा, लायनीपलीकडच्या बौद्ध वस्तीतला. नाताळच्या तालमींना ताई गायची, आणि तो न विचारता तिच्या उंचीला माइक लावून ठेवायचा. बाकीचं बोलणं स्टेशनच्या पुलावर व्हायचं, आणि त्या वेळी मला पायऱ्यांवर राखणीला बसवलं जायचं. आईला कुणकुण होती. पप्पांना नसावी, किंवा असावी आणि म्हणूनच शिरूरचं स्थळ एवढ्या घाईनं आलं असावं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये वाचून दाखवतात. कोणाची हरकत असेल तर सांगा, असं पाळकसाहेब विचारतात. हे विचारणं तेव्हाच. आमच्या पाळकसाहेबांच्या रीतीत लग्नाच्या दिवशी पुन्हा विचारणं नसे. तीनदा विचारलं, कोणी काही बोललं नाही, असं ते एका दमात सांगत आणि पुढे जात. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण साध्या रविवारी चर्चमध्ये माइक लागत नाही, त्यामुळे माइकवाला त्या तीन रविवारी आलाच नव्हता.

लग्नाला मात्र तो होता. पप्पांनीच त्याला माइकचं सांगितलं होतं, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार? इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून तो खांबाजवळ मशीनशी बसला होता. त्याचा एक हात बटणावर होता आणि नजर पाळकसाहेबांच्या तोंडावर. पाळकसाहेबांनी ते एका दमातलं वाक्य म्हटलं आणि नवरदेवाकडे वळून शपथ सुरू केली. मग ताईची पाळी आली. ती 'होय' म्हणाली. तिचा आवाज लहान होता, पण माइक तिच्या उंचीलाच होता. सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा तो आत वायर गुंडाळत होता. मला बघून म्हणाला, "ते इचारत न्हाईत व्हय? हरकत हाय का म्हनून?"

मी म्हटलं, "ते आधीच विचारतात. तीन रविवार."

"आसं हाय व्हय," तो म्हणाला. "मला कुठं ठावं. पिक्चरमधी तर लग्नातच इचारलं." आणि कोपरापासून तळहातापर्यंत वायरीचे वेढे घेत राहिला. शिट्ट्या मारणारी पोरं बाहेर जिलेबी वाढत होती.

शिरूरला ताईला कोणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. असं काही झालं असतं तर निदान सांगायला तरी आलं असतं. घरात बोलणं असं नव्हतंच. नवरा ड्यूटीवरून यायचा, जेवायचा, प्रार्थना करायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ताईनं गाणं सोडलं. एकदा ती पिशवी घेऊन दौंडला आली, ती राहायलाच. पप्पांनी तिला समोर बसवलं. "त्यानं तुला काय कमी केलं?" ताई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "तुला धरून उभं केलं होतं का? तू होय म्हणालीस. मी ऐकलं, मंडळीनं ऐकलं, देवानं ऐकलं." चढ्या आवाजात नाही, अगदी मायेनं. मग स्वतः तिला एस.टी.त बसवून आले आणि दारामागे जाऊन रडले. रडतानाही त्यांना आपण बरोबर आहोत असंच वाटत होतं.

पप्पा गेल्यावर काही वर्षांनी मी शिरूरला गेले होते. ताई तांदूळ निवडत होती. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. माइकवाल्यानं मला काय विचारलं होतं, ते मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. वाटलं, ती रडेल किंवा हसेल.

"तो उठला असता ना, तर मी लाजेनं मेले असते," ती म्हणाली. "कोण उठतंय, कोण नाही, याची मी वाट बघत नव्हतेच गं. तिन्ही रविवार मी पुढच्या बाकावर बसले होते. पाळकसाहेब माझ्यासमोर उभे राहून विचारायचे, हरकत आहे का. मला वाटायचं, हे बाकीच्यांना विचारतायत."