लोटलेलं दार

"मावशी गेली," अकोल्याहून रूथताईंच्या भाच्याचा फोन आला, तेव्हा मी राजापेठेतल्या त्यांच्या घरी त्यांच्याच कुंड्यांना पाणी घालत होते. दवाखान्यातून आठ दिवसांत परत येते म्हणाल्या होत्या... कुंडी भरून पाणी पायऱ्यांवरून वाहत राहिलं, मला दिसलंच नाही.

आम्ही एकाच शाळेत वीस वर्षं शिकवलं. त्या ख्रिस्ती, मी बौद्ध घरातली. डबा मात्र एकत्र खायचो. त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींत चिखलदऱ्याच्या धुक्यापलीकडे एक राज्य होतं. तिथला सांबर कळपासाठी जीव द्यायचा आणि तिसऱ्या सकाळी परत यायचा. मला त्यात लगेच ख्रिस्त दिसला. मुलांना फक्त सांबर दिसायचा. ती पुस्तकं वाचून मोठ्या झालेल्या बाया आज आपल्या लेकरांना तीच वाचून दाखवतात. पत्रं येतात, प्रश्न एकच: सांबर खरंच परत येतो का? ताई प्रत्येकाला पोस्टकार्ड लिहायच्या, 'येतो. म्हणून तर मी दिवसा दाराला कडी लावत नाही.' खरोखरच लावत नसत, नुसतं लोटून घेत. मांजरं येऊन दूध पिऊन जात, ते वेगळं.

मला हे पटत नसे. एकदा तोंडावर बोलले, "ताई, पोरायले खोटी आशा कावून देता वो? मेलेलं कोनी वापस येते का?"

"खोटी वाटली असती तं मी लिवलं नसतं, वंदे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुले पटत नाई तं तुय्या मनातलं सांग. पण पोरगं इचारते तं त्याले उत्तर दे. गप नको राहू."

त्या गेल्यावरही त्यांच्या नावानं टपाल येतच होतं; मागच्या आठवड्यात शेंदूरजनाघाटहून पत्र आलं. चौथीतली मुलगी. संत्र्याच्या बागेत बसून तिला ही गोष्ट वाचून दाखवणारे आजोबा गेले होते. प्रश्न तोच. चार दिवस ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. खोटं लिहवेना, आणि 'नाही' लिहायला हात धजेना. ताईंचा रागच आला... स्वतः निघून गेल्या आणि हे माझ्या गळ्यात टाकलं.

शेवटी त्यांच्याच टेबलाशी बसून लिहिलं, 'रूथताई आता नाहीत. सांबर येतो की नाही, मला माहीत नाही. त्यांना माहीत होतं. आजोबांचं पुस्तक आता तू मोठ्यानं वाच.'

घर बंद करायला भाच्यानं दिलेलं कुलूप हातात घेऊन बाहेर आले. दार ओढलं, क्षणभर थांबले, आणि तसंच लोटून पायऱ्या उतरले. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे, पाच मिनिटांचं काम, असं मी स्वतःला सांगितलं.