तिच्या वाटचं सिएना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायचं तिलाच होतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या सास्तूर गावचे नाही, उद्या सकाळी बियाणं न्यायला माझ्या दुकानात येणार नाही, म्हणून. म्हणजे बघा, कबुली द्यायला बसलो तरी सोय बघूनच बसलोय.

माझं खता-बियाणांचं दुकान आहे. गावात मला बोलका माणूस म्हणतात. गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायची, चहा सांगायचा, त्याच्या रानाची चौकशी करायची — हे मला छान जमतं. आता मात्र कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही. इटलीपासून करतो.

आमच्या धंद्यात कंपन्या चांगल्या विक्रेत्यांना परदेशी फिरवून आणतात. कुणाला दुबई मिळते, कुणाला बँकॉक. सात-आठ वर्षांपूर्वी एका कंपनीनं आम्हाला इटलीला न्यायचं ठरवलं — आणि तेही जोडीनं. सिएना नावाचं जुनं शहर आणि त्याच्या आसपासची खेडी. मी ते नाव घरी येऊन शालनला सांगितलं, तर तिनं दोनदा म्हणून बघितलं आणि हसली. शालन म्हणजे माझी बायको. सातवी शिकलेली, आवाजानं मोठी, हसायला लागली की शेजारच्या घरात कळतं. दुकान मी बघतो आणि रान ती बघते, असंच आमचं लग्नापासून चाललेलं. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर बसलं तेव्हा नव्या नवरीच्या हातांनी तिनं माझ्या आईच्या अंगावरचे दगड उपसले होते. आई त्यानंतर वीस वर्षं जगली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे येतंय ते त्याच हातांचं आहे.

जायच्या आधी कंपनीनं सोलापूरला एका हॉटेलात सगळ्या जोड्यांना जेवायला बोलावलं. हॉलमध्ये गालिचा, सगळे हातात ताट घेऊन उभे. पुण्या-नाशिककडच्या विक्रेत्यांच्या बायका चमच्यानं थोडं थोडं खात होत्या. शालननं ताट वाढून घेतलं, इकडं तिकडं बघितलं आणि सरळ गालिच्यावर मांडी घातली. वर शेजारच्या बाईचा हात धरून तिलाही खाली ओढायला लागली.

“उभ्यानं काय खायलाव जनावरावानी? बसा की खाली!”

ती बाई बसली नाही. हसली. तिच्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोही हसला. बास, एवढंच झालं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी अपमान केला नाही. पण माझे कान तापले. मी पाणी आणायचं निमित्त करून हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि जेवण होईपर्यंत तिकडंच थांबलो. ती एकटीच खाली बसून पोटभर जेवली. परतीच्या वाटेवर मला म्हणाली, वांग्याची भाजी झ्याक होती. मला तिची लाज वाटली होती. लाज — दुसरा शब्द शोधून बघितला, नाही सापडला.

पुढं व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुण्याला गेलो. मशीननं पहिल्यांदा तिचे ठसे घेतले नाहीत. तिथल्या मुलीनं कागदी रुमाल दिला, हात पुसायला लावले, बोटं जरा दाबून धरायला सांगितली. दुसऱ्या खेपेला सगळे उमटले. मुलगी इंग्रजीत काहीतरी म्हणाली. शालननं मला विचारलं, काय म्हणली? झालं म्हणली — हे सांगायला काय लागत होतं? पण मी म्हणालो, “बघू म्हणली.” तेव्हा माझ्या डोक्यात काही शिजत होतं का? नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. आता नाही समजावत.

ऑगस्टात दुकानाच्या पत्त्यावर पाकीट आलं. दोन पासपोर्ट, दोन्हीत व्हिसा चिकटवलेला. मी तिचा पासपोर्ट उघडला. फोटोवाल्यानं डोक्यावरचा पदर काढायला लावला म्हणून ती त्यात जरा रागावलेली दिसते. दुकानाचं लायसन काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर टांगलेलं आहे. मी स्टुलावर चढलो, फ्रेम पुढं ओढली, आणि तिचा पासपोर्ट मागच्या पुठ्ठ्यात खोचून दिला.

दुपारनंतर ती खुरपण उरकून रानातून आली. हात गवताच्या रसानं हिरवे-काळे झालेले. मी दारातच सांगितलं, “तुझे ठसे उमटले न्हाईत. व्हिसा न्हाय दिला त्यांनी.”

तुम्ही शहरातले असाल तर हे खोटं तुम्हाला फार पोकळ वाटेल. एवढ्यावर कोण विश्वास ठेवील? आमच्याकडं कुणीही ठेवील. रेशनच्या दुकानात दर महिन्याला हेच बघतो आम्ही. खुरपून, उपटून, भांडी घासून बायकांची बोटं गुळगुळीत झालेली असतात. मशीन अंगठा ओळखत नाही, मग पुसा, पुन्हा लावा, शेवटी घरच्या दुसऱ्या कुणालातरी बोलवा. शालनला दोनदा असं परत यावं लागलं होतं. हे मला माहीत होतं, म्हणून तर मी तेच खोटं निवडलं. गिऱ्हाइकाला काय पटेल हे मला बरोबर कळतं.

तिनं दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघितले. मला वाटलं होतं, ती चिडेल, कंपनीला शिव्या घालील, पुन्हा जाऊन येऊ म्हणेल. मी त्या सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, “मशीनीचा काय दोष? माझी बोटंच तसली हायती.” मग हात धुऊन आली आणि म्हणाली, “तुमी जावा. माझ्या वाटचं बी बगून या.”

कंपनीला मी कळवलं की बायको आजारी आहे. तिनं माझी बॅग भरली. शेंगाची चटणी, दशम्या, लिंबाचं लोणचं. बॅगेत सगळं माझंच होतं.

सिएना सुंदर आहे. हे सांगायला नको वाटतं, पण खोटं का बोलू? टेकडीवर वसलेलं गाव, अरुंद दगडी गल्ल्या, दोन्ही बाजूंनी चार-चार मजली जुनी घरं. सगळे भिंतींना हात लावून फोटो काढत होते. मी मात्र गल्लीच्या मधोमध चालत होतो. भूकंपापासून आम्हा सास्तूरकरांना उंच दगडी भिंतीखाली उभं राहवत नाही, नजर आपोआप वर जाते. शालन असती तर तीही मधूनच चालली असती. त्या पंचवीस-तीस जणांत असं दुसरं कोण होतं? बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. लोक तिथं आपल्या पिशव्या ठेवायचे.

पट्ट्यापट्ट्यांचं काळं-पांढरं मोठं चर्च बघितलं, उंच मनोरा बघितला. मग एक गल्ली संपली आणि एकदम मोठा चौक उघडला. लाल विटांचा, एका बाजूला उतरता, अगदी धान्य पाखडायच्या सुपासारखा. आणि त्या चौकात माणसं खाली बसलेली. विटांवर. म्हातारी, तरणी, पाय पसरून, मांडी घालून, कागदात बांधून आणलेलं खात होती, हसत होती. चांगल्या कपड्यातली माणसं होती ती. आमच्यातल्या बायकांनाही फार कौतुक वाटलं. त्याही खाली बसल्या. सोलापूरला जी बाई शालनच्या ओढण्यानं बसली नव्हती, ती इथं मांडी घालून बसली आणि तिनं मलाच सांगितलं, “भाऊ, आमच्या दोघांचा एक फोटो काढा ना.”

मी काढला. त्या दिवशी मी सगळ्या जोड्यांचे फोटो काढले. मी स्वतः खाली बसलो नाही. मला तो हक्क नव्हता असं आता म्हणावंसं वाटतं, पण तेव्हा असा काही विचार नव्हता. नुसतं बसवेना.

तिथंच मला पुरतं कळलं असतं तरी बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी आम्हाला गावाबाहेर नेलं. काढणी झालेली उघडी रानं, मातकट टेकड्या, मधूनच उंच सरळ झाडांची रांग. झाडं सोडली तर आमच्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरांची आठवण यावी. एका द्राक्षबागेत थांबलो. शेडमध्ये घरातली म्हातारी घडातले सडके मणी काढत बसली होती. जमिनीवर पोतं टाकून. मोठ्या आवाजात बोलत होती, आम्हाला हसत होती, कुणाच्या टोपीला नावं ठेवत होती. आमची सगळी मंडळी तिच्याभोवती गोळा झाली. किती मोकळी बाई, किती साधी, असं चाललं होतं. मीही म्हणालो. मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणालो असेन.

तिनं एकेकाचा हात हातात घेतला. माझाही घेतला. बोटं खरखरीत, नखांत माती, अंगठ्याला जुनी चीर. मी तो हात ओळखत होतो. तिनं काहीतरी विचारलं, आमच्यासोबतच्या टूरवाल्यानं सांगितलं — सगळे जोडीनं आलेत, तुमची बायको कुठंय, असं विचारतीय. मी म्हणालो, आजारी आहे. म्हातारीचा चेहरा उतरला. उठून आत गेली आणि घरच्या ऑलिव्हच्या तेलाची छोटी बाटली घेऊन आली. बायकोला द्या म्हणाली, बरी होईल. इतर कुणाला तिनं काही दिलं नाही. मी बाटली घेतली.

परत आल्यावर शालननं सगळं विचारून घेतलं. मी बोलका माणूस — चर्च सांगितलं, मनोरा सांगितला, बाग सांगितली. चौक सांगितला, पण त्यात खाली बसलेली माणसं नाही सांगितली. उलट म्हणालो, “तिथं सगळं काट्या-चमच्यानं, टेबलावर. तुला जमलं नसतं.” आधीचं खोटं भीतीनं बोललो असं एखादा म्हणू शकेल. हे कशानं बोललो? ती म्हणाली, “मग बरंच झालं म्हणायचं.”

बाटली तिच्या हातात दिली. म्हातारीनं दिली एवढं सांगितलं, का दिली ते गाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती ओट्यावर बसून ते तेल एकेका बोटाला चोळत होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, “तिकडलंच तेल हाय. तिकडच्या मशीनीला चालंल. उमटतील की कवातरी.”

तेव्हा सांगायचं होतं. दुकान घरापासून चार पावलांवर, फ्रेम तिथंच होती.

ते तेल तिनं दोन वर्षं पुरवलं. संपल्यावर त्याच बाटलीत खोबरेल भरलं. रोज सकाळी चहा झाला की दहा बोटं, एकामागून एक. गावातल्या बायका इटलीचं विचारायच्या तर स्वतःच सांगायची, माझे हात चांगले न्हाईत, म्हणून राहिलं. आणि दर लक्ष्मीपूजनाला दुकानात येऊन लायसनच्या फ्रेमला कुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची, हात जोडायची. मी शेजारी उभा राहून हात जोडायचो.

गेल्या महिन्यात ती आधारचं काही काम होतं म्हणून केंद्रात गेली होती. गुडघ्यांमुळं दोन वर्षं तिनं खुरपं हातात धरलेलं नाही. तिथून घरी न जाता तडक दुकानात आली. गिऱ्हाइकं होती, तिला भान नव्हतं. दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले.

“दाही उमटली! पयल्याच झटक्यात! त्यो पोऱ्या म्हणला, मावशी, लई साफ ठसे हायती तुमचे.” मग आवाज खाली आणून, जरा लाजून म्हणाली, “आता जायचं का हो, त्या तुमच्या सिएनाला?”

इतक्या वर्षांत ते नाव ती विसरली नव्हती. फ्रेम माझ्या पाठीमागं होती. तिला वाचता येत नाही असं नाही, पण त्या फ्रेमच्या मागं बघायचं कारण तिला कधी पडलंच नाही, कारण दुकान माझं आणि माझ्यावर विश्वास तिचा. मी म्हणालो, “बघू.”

पुण्याला जे म्हणालो होतो, तेच.

आज सकाळीही ती ओट्यावर बाटली घेऊन बसली होती. मी म्हणालो, आता कशाला लावतेस, उमटले ना ठसे? तिनं अंगठा चोळणं थांबवलं नाही.

“असू द्या,” म्हणाली. “ऐन जायच्या टायमाला पुना पुसलं म्हंजे?”