डबी रिकामी परत करू नये

नलूमावशी भेटल्या की ‘कशी आहेस?’ असं कधी विचारत नसत. थेट विचारत, “पोट साफ होतं ना?” दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत आम्ही नवे होतो तेव्हा जिन्यातच त्यांनी मला हा प्रश्न टाकला आणि हातातली दुधाची पिशवी सुटता सुटता राहिली. वरच्या मजल्यावरच्या अंडर सेक्रेटरींना तर त्यांनी भर बागेत हिंदीतून विचारलं होतं. साहेब तेव्हापासून मागच्या फाटकाने जात.

मावशी सरकारी प्रयोगशाळेत होत्या. आतड्याचा कॅन्सर कोणत्या समाजात कुणाला होतो आणि जनुकांतले बारीक फरक त्यात किती हातभार लावतात, हा त्यांचा विषय. लग्नकार्यातसुद्धा “पत्रिका राहू दे, आजोबा कशाने गेले ते सांगा,” म्हणत. लोक त्यांना जेवायला बोलवायला कचरत. मला मात्र ही बाई फार आवडली.

माझा नवरा मिलिंद याने थुंकी पाठवून एका परदेशी कंपनीकडून जनुकं तपासून घेतली होती. आतड्याच्या कॅन्सरचा धोका ‘कमी’, असा अहवाल आला. त्याचे वडील पन्नाशीत याच आजाराने गेलेले, त्यामुळे तो कागद त्याला अंगाऱ्यासारखा वाटे. मधूनमधून रक्त पडे, तर “मूळव्याध आहे यार, बिल्कुल नॉर्मल,” म्हणून मोकळा होई. मी घाबरून मावशींना गाठलं.

त्यांनी अहवाल वाचला. “मिलिंद, हा हिशोब ज्यांच्या रक्तावरून बांधलाय ते बहुतेक युरोपातले. आपल्याकडे वेगळे फरक असले तर ह्या कागदाला त्यांचा पत्ताच नाही. परक्याच्या मापाचा कोट घालून आरशात कसला बघतोस? आणि वडिलांचा आजार कुठे धरलाय ह्यात? दुर्बिणीची तपासणी करून घे.”

“अच्छा, बघू,” मिलिंद म्हणाला. हे ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे आम्हा दोघींनाही कळलं.

संक्रांतीला मावशींनी हळदीकुंकू केलं. स्वतः विधवा, पण “कुंकवाला नवऱ्याचा दाखला लागत नाही,” म्हणून थाटात केलं. वाण म्हणून प्रत्येकीला रंगीत कागदात गुंडाळलेली एक डबी. कुलकर्णीबाईंनी तिथेच उघडली. “अय्या, केशराची!”

“केशराची नाही हो,” मावशी तिळगूळ वाटत म्हणाल्या. “घरातल्या पुरुषाची चिमूटभर शी घाला. लपलेलं रक्त असलं तर कळेल. उद्या सकाळी न्यायला येते.”

सकाळी त्या खरंच दारात. मिलिंद पेपरमागे लपला. “तुझ्या आईने शिकवलंय ना,” मावशी म्हणाल्या, “शेजारणीची डबी रिकामी परत करू नये?” संस्कारांपुढे बिचाऱ्याचं काही चालेना. मान खाली घालून उठला.

रक्त निघालं. मावशींनी स्वतः त्याला इस्पितळात नेलं. आतड्यात एक गाठ होती. अजून कॅन्सर झाला नव्हता, पण त्याच वाटेवर होती. डॉक्टरांनी ती काढून टाकली. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात मनसोक्त रडले.

मिलिंद पेढे घेऊन गेला तर म्हणाल्या, “पेढे ठेव. धाकटा भाऊ पाठव.” भाऊ भोपाळला; मावशींनी त्याचा पत्ता लिहून घेतला. त्याचंही ‘बघू’च चाललं होतं.

पुढे मावशी निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडून पुण्याला निघाल्या. आम्ही त्यांना गाडीत बसवून आलो. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. “दादा, एक बाई सामानासकट दारात उभी आहे. मध्येच उतरली म्हणते. माझी तपासणी झाल्याशिवाय पुढची गाडी धरणार नाही म्हणते. कोण आहे ही?”

मिलिंदने फोन माझ्यापुढे केला. मी फोन घेतला. “भाऊजी, त्यांना आत घ्या. तुमचा दादा त्यांच्यामुळेच आहे.”