उतारावरचे मुटोंडो

तांब्याच्या खाणीतली नोकरी गेल्यावर कापासा बायकोला घेऊन तिच्या गावी, मुसोल्याला राहायला आला. बाकीचे परतलेले लोक ट्रंका घेऊन आले, रेडिओ घेऊन आले. हा विटा पाडायचा लाकडी साचा घेऊन आला. शहराबाहेरच्या भट्टीवर दोन-तीन उन्हाळे काढले होते, तेवढाच धंदा हाताशी होता.

मुसोल्याची शाळा गावानंच काढलेली. गवतानं शाकारलेलं एक छप्पर आणि शिकवायला एकट्या कासोंदे बाई. पगार म्हणून त्यांना घराघरातून मका मिळे. ज्या वर्षी मका कमी पिके, त्या वर्षी पगारही कमी. पोरं मात्र वाढत चालली होती. शहरातल्या एका संस्थेनं निरोप धाडला, ‘भिंती तुम्ही उभ्या करा, पत्रे आम्ही देतो.’ त्यावर गाव जमलं तेव्हा कापासा उठून उभा राहिला.

“वारुळांची माती आपली, ओढ्याचं पाणी आपलं. विटा मी पाडतो.”

“आणि भाजणार कशावर? तुझ्या बायकोच्या रागावर?” मागून कोणीतरी ओरडलं.

“तो राग पुरला असता तर लाकूड कशाला लागलं असतं?” कापासा म्हणाला, आणि सभा हसतहसतच उठली.

लाकूड होतं गावामागच्या डोंगरावर. तिथं मुटोंडोची झाडं होती, जुनी आणि रुंद. पावसाळ्याच्या तोंडाला, घराघरातल्या कणग्या तळाला गेलेल्या असत तेव्हा, या झाडांवर बोटाएवढ्या अळ्या यायच्या. बायका टोपल्या घेऊन डोंगरावर जायच्या. अळ्या पिळून, भाजून, उन्हात वाळवायच्या. उरतील त्या रस्त्यावर मालट्रकवाल्यांना विकायच्या. न्शिमाबरोबर, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीबरोबर, कालवण म्हणून पोरांच्या पोटात जे काही जायचं, ते तेव्हा एवढंच.

या बायकांत सगळ्यांत पुढे असायची कापासाच्या बायकोची, लोंबेची आजी, न्कोले. नातजावयाला नवरा म्हणून त्याची थट्टा करायचा तिथल्या रीतीनं तिला हक्कच होता, आणि तो ती पुरेपूर वसूल करी. कापासा कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाला, तशी ती वाटेत आडवी आली.

“काय हो नवरोबा, माझ्या चुलीवरचं तोडायला निघालात?”

“तुझ्याच पतवंडांची शाळा आहे, आजी.”

“शाळा शिकू देत की. पण उपाशीपोटी अक्षरं दिसतात का, विचारा तुमच्या बाईंना.” मग ती थट्टा सोडून म्हणाली, “हे बघ, खालचं हवं तेवढं घे. ओढ्यावरचा उतार तेवढा राहू दे. अळी तिथंच आधी धरते आणि तिथूनच पसरते.”

“नाही लावणार हात. शब्द दिला.”

“खाणीतल्या माणसाचा शब्द!” ती म्हणाली, पण वाटेतून बाजूला झाली.

भट्टी पेटली. गाव आळीपाळीनं रात्रंदिवस जागलं, विटा लाल निघाल्या. भिंती उभ्या राहिल्या, पत्रे चढले, आणि पाऊस आला म्हणून शाळा सुटायची बंद झाली. विटा उरल्याही. त्या मिशनच्या दवाखान्यानं विकत घेतल्या आणि त्या पैशांतून कासोंदे बाईंना पहिल्यांदा रोख पगार मिळाला. तिथून पुढे शाळेची भट्टी दर कोरड्या हंगामात पेटू लागली. दुसरे मास्तर आले, वह्या आल्या, विहीर झाली. कोणापुढे हात पसरायचं कारण उरलं नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला यायची, आणि शाळेची कमिटी त्यांच्यापुढे कापासाला उभं करायची. खाणीनं ज्याला नको म्हटलं होतं, त्या माणसाला हे गोड लागलं.

डोंगर खालून वर उघडा होत गेला. मग वरच्या वर्गांसाठी नव्या खोल्या बांधायचं ठरलं. त्यांची माती मळून झाली, विटा वाळल्या, आणि लाकूड आणायला दूरवर जावं लागणार होतं. बैलगाड्या मिळेनात. कमिटीतला एक जण म्हणाला, “ओढ्यावर एवढं उभं आहे की.”

कापासा काही बोलला नाही. खरं तर ‘नाही’ म्हणायची जागा तीच होती. एखाद्या हंगामाचा उशीर झाला असता, थोडी कुरकुर झाली असती. पण पोरांची नावं घालून झाली होती, आणि ‘कापासा असला की अडत नाही’ हे ऐकायची त्याला सवय झाली होती. न्कोले तेव्हा लेकीकडे, नदीपलीकडे गेली होती. ती यायच्या आत उतार मोकळा झाला.

आल्यावर तिनं ते पाहिलं असणारच. त्याला ‘नवरोबा’ म्हणायची तेवढी थांबली. नावानं हाक मारू लागली.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ती टोपली घेऊन वर गेली. दुपार टळल्यावर उतरली. टोपलीत दोन-चार रानभेंड्या होत्या. विहिरीवर बायकांनी तिला गराडा घातला. एक जण तावातावानं म्हणाली, “ही त्या भट्टीवाल्याची करणी!”

“गप गं,” न्कोले म्हणाली. “पाऊस मागे पडलाय यंदा. अळीलाही उशीर होणारच.”

कापासा शाळेच्या भिंतीपलीकडे चिखल तुडवत होता. त्यानं ते ऐकलं. पाऊस वेळेवर आला होता, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यानं कान धरून ऐकून घेतल्या असत्या. तिनं त्याला चारचौघींत सावरून घेतलं, आणि ते त्याला जन्मभर पेललं नाही. आज जाऊन पाय धरू, उद्या धरू, असं करता करता थंडी आली, आणि न्कोले छातीत कफ होऊन गेली. अळी पुढच्या वर्षी आली नाही. त्यापुढेही नाही.

आता शाळेनं स्वतःची निलगिरीची झाडं लावलीत, भट्टी त्यांच्यावर चालते. निलगिरीवर अळी बसत नाही. घरात वाळक्या अळ्या येतात त्या बाजारातून, मापानं, कुठल्या लांबच्या रानातल्या. कापासा म्हातारा झाला, साचा त्यानं दुसऱ्याच्या हाती दिला. मुटोंडोच्या खुंटांना फुटवे येतात. आग आणि शेळ्या लांब ठेवल्या तर ते वाढतात. म्हणून कोरड्या दिवसांत तो उतारावर गवत कापून भोवतीचा पट्टा मोकळा करत बसतो. फुटवे त्याच्या खांद्याला लागलेत.

मागे एकदा कासोंदे बाई काठी टेकत तिथवर गेल्या. त्यांचेही केस पिकलेत.

“किती दिवस मनाला लावून घ्याल, कापासा? त्या विटा नसत्या तर शाळा वाढली नसती.”

“वाढली असती, बाई,” तो विळा न थांबवता म्हणाला. “जराशी उशिरा वाढली असती, एवढंच.”

बाईंनी कापलेलं गवत काठीनं पट्ट्याबाहेर सारलं. मग त्या खाली निघून गेल्या.